खिळ्यावरचा नमुना

"उघडत कसं नाही म्हणते मी!" असं म्हणून आत्याबाईंनी फोन कापडाच्या गठ्ठ्यावर आपटला. गठ्ठा मऊ होता म्हणून फोन वाचला. सुनेला वाचवायला मध्ये गठ्ठा नव्हता.

"मी पासवर्ड बदललाय, आत्या," सून म्हणाली.

"कुणाला विचारून?"

"तुम्हालाच विचारणार होते. पण मग तुम्ही नवा पासवर्डही जिन्यातून ओरडला असतात."

हे खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा आत्याबाईंना पहिल्यापासून तिटकारा. शिवणकामाचा कारखाना त्यांचा. वर बेतायचं टेबल, खाली मशिनी आणि मधे जिना. सगळा कारभार त्या जिन्यातून ओरडून चाले. "काळा दोरा वर पाठव गं!" "त्या पडद्याला अस्तर लाव!" फोनवर दुकानाचं पान काढल्यापासून त्याचा पासवर्डही त्याच सुरात खाली जाऊ लागला. खालून कुणी विचारायचा अवकाश, वरून उत्तर असं खणखणीत यायचं की गल्लीच्या टोकाला पंक्चर काढणाऱ्याला तो तोंडपाठ झाला होता.

मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी दुकानाच्या पानावर दुकानाच्याच नावानं जाहिरात झळकली, "जुने कपडे फुकट रफू करून मिळतील." दुपारपर्यंत दारात रांग. एकानं तर अशी विजार आणली होती की तीत भोकं आहेत म्हणण्यापेक्षा भोकांना थोडी विजार आहे म्हणावं. आत्याबाईंनी एकालाही परत पाठवलं नाही. "शब्द माझ्या दुकानाच्या नावानं गेलाय. मग तो कुण्या मेल्यानं का दिलेला असेना!" त्या दिवे लागेपर्यंत रफू करत बसल्या, आणि प्रत्येक टाक्यागणिक त्या मेल्याच्या एकेका पूर्वजाला वर काढत गेल्या. समोरच्या शिंप्यानं मात्र त्या दिवशी दुकान सोडून बाहेर खुर्ची टाकली होती आणि रांग बघत मजेत चहा प्याला होता. आत्याबाईंचा संशय पक्का होता. पुराव्याचं तेवढं अडलं होतं.

"एवढं झाल्यावर तरी बदलायला नको का?" सून म्हणाली. "आणि हा नवा नीट ऐका. कुणाला सांगायचा नाही. कागदावर लिहून ठेवायचा नाही. ओरडायचा तर मुळीच नाही."

"मग ठेवू कुठे, पदराच्या गाठीत?"

"लक्षात ठेवायचा."

तिनं फोनवर तो दाखवला. इंग्रजी अक्षरं काय, आकडे काय, मधेच एक चांदणी, शेवटी एक तिरकी काठी. शाळेनं आत्याबाईंना लवकर सोडलं की आत्याबाईंनी शाळेला, याबद्दल घरात दोन मतं होती, पण इंग्रजी अक्षरांशी त्यांची ओळख नव्हती याबद्दल एकच होतं.

"हे काय नाव आहे की शिवी?"

"अवघड आहे म्हणूनच चांगला आहे."

"म्हणजे दुकान माझं, पान माझं, आणि आत जायचं तर सुनेला विचारून! बरं आहे. चांगलं आहे. अगं, डोळे आहेत का बटणं? मला लक्षात राहील असं काही दिसतंय का यात?"

"डोळे आहेत का बटणं" हे आत्याबाईंचं घरगुती वाक्य. उलटी बाही लावणारीला तेच, सुटे पैसे न देणाऱ्या रिक्षावाल्याला तेच, आणि रक्तदाब बघून "थोडं शांत राहा" म्हणणाऱ्या डॉक्टरलाही तेच. गल्लीतली लहान पोरं शाळा-शाळा खेळताना बाईंच्या तोंडी हेच वाक्य घालत.

शेवटी आत्याबाईंनी जाहीर केलं, "आजपासून माझा अबोला. तुमचं तुम्ही बघा," आणि बेतायच्या टेबलापाशी जाऊन बसल्या.

बसल्या खऱ्या, पण हात स्वस्थ बसेनात. टेबलावर पिशव्या होत्या. नगरपालिकेच्या कार्यालयाची मोठी ऑर्डर होती. ऑनलाइन सुरक्षिततेचा सप्ताह होता, सभागृहात लोकांना कापडी पिशव्या वाटायच्या होत्या. पिशवीवर भरतकामात मोठ्ठं वाक्य, "आपला पासवर्ड आपल्यापाशी", आणि आतल्या शिवणीत दुकानाची पट्टी, तिच्यावर दुकानाचं नाव आणि पानाचा पत्ता. पहिल्या काही पिशव्या तयार होऊन आल्या होत्या.

आत्याबाईंना अक्षर कळायला वेळ लागे, टाका मात्र एकदा बघितला की बोटात बसे. त्यांनी फोनवरचा तो अवघड पासवर्ड पुन्हा न्याहाळला. अक्षरं म्हणून बघितलं तर काही बोध होईना. नक्षी म्हणून बघितलं तर सोपं होतं. उलटा हूक, शिडी, ठिपका, मधे चांदणी, शेवटी काठी. कागदावर लिहू नका म्हणाली. कापडावर काढू नका असं कुठे म्हणाली?

त्यांनी एक तयार पिशवी ओढली, तिच्या खालच्या कोपऱ्यात, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं, बारीक साखळी टाक्यात ती सगळी नक्षी काढली. ज्याला माहीत नाही त्याला कोवळी वेलच वाटावी. मग रागातच उठल्या आणि हात जिकडे रोज जातो तिकडे गेला. टेबलाशेजारच्या खिळ्याला पिशवी टांगून त्या तणतणत राहत्या घरात गेल्या.

आता त्या खिळ्याबद्दल. कारखान्यातला तो एकच खिळा असा होता की ज्याच्यापुढे सगळ्यांची मान खाली. खिळ्याला टांगलं ते नमुना. नमुना जसा आहे तसा उतरवायचा, टाक्याला टाका. "इथे असं का?" म्हणून विचारायचं नाही. हा नियम आत्याबाईंचाच, आणि तो मोडणाऱ्यांच्या डोळ्यांची बटणं कितीदा झाली याची गणती नव्हती.

चष्मेवाली ही भरतकामाच्या मशीनवर बसणारी सगळ्यांत निष्ठावान बाई. तिनं वर येऊन खिळ्यावर बघितलं. कोपऱ्यात वेल नव्यानं आलेली दिसली. नाकावरचा चष्मा वर सरकवून पुन्हा बघितलं. विचारावं असं वाटलं, पण घरातून आत्याबाईंनी भांडी आपटल्याचा आवाज येत होता. तिनं विचारलं नाही. सगळ्या पिशव्यांवर ती वेल उतरली. उलटा हूक, शिडी, ठिपका, चांदणी, काठी. इतकी हुबेहूब की शाबासकी द्यावी.

एरवी आत्याबाई एकेक नग डोळ्यांखालून घातल्याशिवाय बाहेर जाऊ देत नसत. पण अबोला म्हणजे अबोला. कार्यक्रमाच्या सकाळी पिशव्या गठ्ठ्यात बांधताना सुनेच्या हाताला कोपऱ्यात काहीतरी खरखरीत लागलं. तिनं बघितलं, दुसरी बघितली, तिसरी बघितली. मग तडक आत्याबाईंच्या खोलीच्या दाराशी गेली.

"आत्या, पिशव्यांचं एक सांगायचं होतं..."

"माझा अबोला आहे!"

"हो, पण..."

"अबोल्यात पण-बिण नसतं!"

"अहो, जरा महत्त्वाचं..."

"महत्त्वाचं असेल तर नवऱ्याला सांग! तो कामाला गेला असेल तर भिंतीला सांग!"

बाहेर कार्यालयाची गाडी हॉर्न वाजवत होती. सुनेनं भिंतीकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं, आणि गेली.

सभागृह भरलं होतं. सून दारात पिशव्या वाटत होती. आत्याबाई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत, कारण पिशव्या शिवणाऱ्या म्हणून त्यांचा सत्कार होता. सत्काराला अबोला लागू नव्हता. शेजारी शाळेतल्या बाई बसल्या होत्या, जुन्या गिऱ्हाईक. पलीकडच्या खुर्चीत नेमका समोरचा शिंपी.

व्यासपीठावरून कार्यालयाच्या मॅडम सांगत होत्या, "पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. आपण किल्ली कुणाला देतो का? दारावर लटकवून ठेवतो का?"

"हे सांगायला पगार देतात हिला," आत्याबाई पुटपुटल्या.

"आत्याबाई, कोपऱ्यातली वेल किती नाजूक आलीय हो," शाळेतल्या बाई पिशवी कुरवाळत म्हणाल्या.

"वेल? मी कुठे वेल..." आत्याबाईंनी पिशवी ओढून घेतली, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाण्याऐवजी मस्तकातली खाली तळपायाला गेली. उलटा हूक. शिडी. त्यांनी मागे वळून बघितलं. रांगांमागून रांगा, आणि प्रत्येक मांडीवर शिडी, ठिपका, चांदणी.

तेवढ्यात समोरच्या शिंप्याचे डोळे चमकले. शिवणीतला माणूस तो, वेल कुठली आणि अक्षरं कुठली हे त्याला कळलं. "अहो, हा तर पासवर्ड आहे!" तो मोठ्यानं म्हणाला. "आणि आत पट्टीवर पानाचा पत्तासुद्धा आहे! मॅडमनी मुद्दाम ठेवलंय, उघडेल त्याला बक्षीस असणार!"

बक्षीस या शब्दाला सभागृहात पाय फुटले. मागच्या भिंतीपर्यंत तो धावत गेला आणि वाटेत सगळ्यांच्या खिशांतून फोन बाहेर काढत गेला.

"आत्याबाई," शाळेतल्या बाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला होता, "मी माझी मापं तुम्हाला त्याच पानावर पाठवली होती ना?"

आत्याबाई मनातल्या मनात मोजू लागल्या. एकट्या ह्यांचीच नव्हे, सगळ्यांची. बँकेतल्या बाईंची, डॉक्टरीणबाईंची, त्या नव्या नवरीची. छाती, कंबर, घराचे पत्ते, फोन नंबर, सगळं त्या पानात. आत्याबाईंनी आयुष्यात पुष्कळांची पुष्कळ गुपितं जिन्यातून ओरडली होती, पण एका बाईचं माप दुसरीला कधी कळू दिलं नव्हतं. सख्खी बहीण विचारून विचारून थकली, तिलाही नाही. गल्लीत लोक त्यांच्या तोंडाला भीत, आणि तरी बायका त्यांच्याकडेच येत, त्या या एका गोष्टीसाठी.

त्या उठल्या आणि मागच्या रांगेतल्या गृहस्थाच्या हातातली पिशवी धरली. "द्या ती इकडे."

"का हो?"

"शि..." आत्याबाईंचं तोंड अडकलं. आपल्या कामाला नाव ठेवायची जिभेला सवयच नव्हती. "शिवण... खराब आहे."

गृहस्थांनी दोन्ही हातांनी पिशवी ताणून बघितली. "कुठे? पक्की आहे की!"

"पक्की असणारच! माझी आहे ती!" आत्याबाई कडाडल्या, आणि आपणच आपला डाव उधळला हे कळून आणखीच पेटल्या. दुसरीकडे हात घातला तर तिथे रस्सीखेच सुरू झाली. एकानं पिशवी पोटाशी धरली, एकीनं ती खाली घालून तिच्यावर बैठक मारली. सभागृहभर बोटं फोनवर टकटकतच होती.

मग आत्याबाईंनी पिशव्या सोडल्या आणि पायऱ्या चढून थेट व्यासपीठावर गेल्या. "सत्कार नंतर आहे हो," मॅडम म्हणेपर्यंत माईक आत्याबाईंच्या हातात होता. त्या आवाजाला माईकची गरज नव्हती. माईकला ते झेपलंही नाही, तो आधी किंचाळला.

"फोन खाली ठेवा! खाली म्हणते ना! तू, निळ्या शर्टवाल्या, तुला वेगळं सांगू?" सभागृह गप्प झालं. "लाजा नाहीत वाटत? रस्त्यात किल्ली सापडली म्हणून घर तुमच्या बापाचं झालं का? ज्याची किल्ली पडली तो गाढव असेल. असेल! पण ती उचलून दुसऱ्याच्या दाराला लावून बघणारा तो कोण? त्याला चोर म्हणतात! बक्षीस पाहिजे नाही का? दुसऱ्याच्या घरात बघायला मिळणं हेच बक्षीस वाटतं तुम्हाला! त्या पानात तुमच्याच आया-बहिणींची मापं आहेत! नवऱ्यांनी विचारली तरी मी त्यांना दिली नाहीत! आणि तुम्ही नटूनथटून इथे आलात सुरक्षितता शिकायला, आणि हाताला काही लागलं की पहिल्यांदा काय करता? दुसऱ्याची कडी वाजवून बघता! डोळे आहेत का बटणं? पिशवीवर काय लिहिलंय ते वाचलं का कुणी? हे मी माझ्या हातानं..."

फोन एकेक करून खिशात गेले. निळ्या शर्टवाल्यानं तर तो मोज्यात सारला. शांततेत फक्त समोरच्या शिंप्याचा आवाज आला, कुरकुरल्यासारखा.

"उगाच ओरडताय, आत्याबाई. ते उघडतच नाही मुळी! सारखं चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड!"

"सारखं?" आत्याबाईंनी माईक तोंडाजवळ घेतला. "म्हणजे सारखा घालून बघितलास? आणि रफूच्या वेळी बरा लागला होता?"

"तेव्हा तर पहिल्या फटक्यात..." शिंप्यानं जीभ चावली, पण जीभ चावायला उशीर झाला होता. आधी मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह. ती भोकांची विजार घातलेला माणूस तिथेच होता. तो तर उभा राहून हसला.

"उद्यापासून," आत्याबाई म्हणाल्या, "गावातली प्रत्येक फाटकी विजार तुझ्या दारात. फुकट. शब्द तू दिलास, तूच पाळ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी माईक हळूच परत घेतला आणि भारावून म्हणाल्या, "इतकं जिवंत प्रात्यक्षिक आम्ही कुठल्याच कार्यक्रमात बघितलं नव्हतं! पिशवीच्या कोपऱ्यात खोटा पासवर्ड ठेवून लोकांची परीक्षा घ्यायची, ही कल्पना कुणाची?"

खोटा? आत्याबाईंनी दाराकडे बघितलं. सून उरलेल्या पिशव्यांच्या घड्या घालत होती. चेहऱ्यावर इतकं काहीच नव्हतं की आत्याबाईंना सगळं कळलं.

"माझीच," त्या म्हणाल्या आणि सत्काराचा नारळ काय, फुलं काय, जे असेल ते घ्यायला हात पुढे केला.

घरी जाताना वाटेत अबोला सुटला, म्हणजे फुटला.

"कधी बदललास?"

"सकाळी. गाडीत बसल्या बसल्या."

"आणि मला तिथे सगळ्यांसमोर बोंबलू दिलंस?"

"सांगायला आले होते, आत्या. तुम्ही म्हणालात भिंतीला सांग."

"मग भिंतीला तरी नीट सांगायचं! मोठ्यानं!" आत्याबाई चार पावलं पुढे गेल्या आणि मागे वळल्या. "पिशव्या गठ्ठ्यातून काढून उसवल्या असत्या तर वेळेवर गेल्या नसत्या," त्या शेवटी म्हणाल्या. माफी मागायची वेळ आली की त्या असं काहीतरी हिशोबी बोलत. सुनेला ते ठाऊक होतं.

"आत्या, आता तुमचा पासवर्ड तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. "आपल्याच भाषेत, लांबलचक वाक्य. तुम्ही कधी विसरणार नाही असं. मलासुद्धा सांगू नका."

त्या रात्री आत्याबाई फोनवर पदर धरून, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत बसल्या होत्या. सून खोलीत डोकावली तर ओरडल्या, "तिकडे तोंड कर!" सकाळपासून दुकानाचं पान आत्याबाईंच्या हातूनच उघडू लागलं. कुणी मागितलं की त्या फोन घेऊन कोपऱ्यात जात, पाठ फिरवून उघडत आणि राणीसारख्या परत येत. नोंदवहीत नाही, कापडावर नाही, जिन्यात नाही. खिळ्यावर पुन्हा फक्त नमुने.

आणि मग चष्मेवालीनं बाही उलटी लावली.

"अगं, डोळे आहेत का..." आत्याबाईंनी सुरुवात केली आणि दातांखाली खडा आल्यासारख्या थांबल्या. तोंड उघडं राहिलं. गाल फुगले. मग त्या म्हणाल्या, "...उलटी आहे. उसव."

खाली सगळ्या मशिनी थांबल्या. चष्मेवालीला वाटलं आत्याबाईंना काहीतरी झालं, ती पाणी घेऊन धावली. दुपारी रिक्षावाल्यानं सुटे दिले नाहीत. आत्याबाईंनी श्वास ओढला, मान हलवली आणि निमूट उतरल्या. रिक्षावाला भीतीनं मागे येऊन सुटे देऊन गेला. डॉक्टर म्हणाले रक्तदाब वाढलाय. गल्लीत चर्चा सुरू झाली. पोरांनी शाळा-शाळा खेळायचं थांबवलं. पंक्चरवाला येऊन जिन्यापाशी उभा राहून काही ऐकू येतं का बघून गेला.

आठवडा संपता संपता सून वर आली. चेहरा गंभीर होता, पण ओठाचं एक टोक हुकमात नव्हतं.

"आत्या, पासवर्ड पुन्हा बदलावा लागणार."

"का म्हणून?"

"साऱ्या गल्लीला कळलाय."

"कळलाय?" आत्याबाई ताडकन उठल्या. कात्री खाली पडली. "अगं मेले, मी त्यातलं एक अक्षरसुद्धा तोंडातून काढलेलं नाही!"

"तेच तर," सून म्हणाली.